सासूबाईंना भूमिगत नदीत नेऊ का?

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्यात चौघं फिलिपिन्सला चाललेत. पलावान बेटावर पुएर्तो प्रिन्सेसाजवळ जी भूमिगत नदी आहे, तिच्यात होडीने आत जायचं ठरवलंय. सोबत ७१ वर्षांच्या सासूबाई. गुडघे कुरकुरतात, अंधाराची धास्ती आहे, आणि सोसायटीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यापासून तिसऱ्या मजल्यावर जिन्यानेच ये-जा करतात. मुलगा ७ वर्षांचा. नवऱ्याला पोहता येत नाही. ताई विचारतात, ‘सासूबाईंना गुहेत त्रास होईल का? की त्या दिवशी त्यांना हॉटेलवरच ठेवू?’

हॉटेलवर ठेवू नका, न्या. तीन मजले जिन्याने चढतात म्हणजे गुडघे कुरकुरत असले तरी कामावर आहेत.

मी १९ वर्षं मुंबईतून मराठी ग्रुप घेऊन फिरतेय. या नदीत सहा वेळा गेलेय. आजवर गुहेच्या आत कोणाला काही झालेलं मी पाहिलेलं नाही. जे काही झालं ते बाहेर झालं: समुद्रावर, होडीत चढता-उतरताना, नाहीतर परमिटच्या खिडकीपाशी. लोक तयारी करतात ती गुहेची. डोक्याला बांधायचा टॉर्च घेतात, दम लागला तर म्हणून कापराची डबी घेतात. आणि पाय घसरतो तो किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, भर उन्हात. त्यामुळे आधी तिथवर कसं पोचायचं ते सांगते, मग गुहा.

गुहा पुएर्तो प्रिन्सेसा शहरात नाही. शहरापासून सबांग नावाचं किनाऱ्यावरचं गाव साधारण ८० किलोमीटर, व्हॅनने दोन तास, शेवटचा रस्ता वळणावळणाचा. सबांगच्या धक्क्यावरून समुद्रातून पंधरा-वीस मिनिटं मोटरबोट. मग राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर उतरायचं, झाडीतून थोडं चालायचं, आणि तिथे दुसरी, वल्ह्याची होडी. ही दुसरी होडी गुहेत जाते. म्हणजे होडीत चढणं-उतरणं तीन वेळा: जाताना मोटरबोट, मग गुहेची होडी, येताना पुन्हा मोटरबोट. हिशेब या तीन वेळांचा करायचा.

पहिली होडी म्हणजे तिथली ‘बांका’. चित्रात पाहिलीत तर देवगड-मालवणकडचं कोणीही ओळखेल: आपली उलांडीची होडी. मधे अरुंद लांब होडी आणि बाजूंना आडव्या दांड्यांवर बांधलेले बांबू, जे पाण्यावर टेकून तिला कलंडू देत नाहीत. आपल्याकडे उलांडी बहुधा एकाच बाजूला, तिकडे दोन्हीकडे. कलंडत नाही, पण उसळते. आणि पाणी अंगावर येतं, ते कोणाला चुकत नाही. मोबाइल आणि औषधं झिप असलेल्या जलरोधक पिशवीत हवीत. साधी कॅरीबॅग नको, कारण उद्यानाच्या किनाऱ्यावर माकडं आहेत आणि पिशवीत खाऊच असतो हे त्यांना पाठ आहे. आपल्या कान्हेरीच्या माकडांचे ते सख्खे भाऊ.

आता उतरण्याची गोष्ट. लाट लहान असली तर होडी जवळपास वाळूला लावतात, नसली तर गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. इथे माणसं दोन चुका करतात. एक, उभ्याने उडी मारतात. दोन, नावाड्याची बोटं धरतात. ओल्या हातातून बोटं सुटतात. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: होडीच्या काठावर आधी बसायचं, दोन्ही पाय एकत्र बाहेर सोडायचे, नावाड्याचं मनगट आपल्या हातात आणि आपलं मनगट त्याच्या हातात, लाट मागे गेली की मग पाय टेकवायचे. घाई करायची नाही. ही नावाडी मंडळी दिवसभर हेच करतात, त्यांना घाई नसते. घाई मागच्या सीटवरून ‘चला चला’ करणाऱ्या आपल्याच काकांना असते.

पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स. स्लिपर वाळूत अडकून राहते आणि क्रॉक्स पाण्याबरोबर निघून जातात; मी दोन्ही तरंगताना पाहिलेत.

कपड्यांबद्दल मी आधी फार आग्रही होते, की साडी अजिबात नको. मग एका वर्षी गिरगावच्या ७४ वर्षांच्या आजी आल्या. पंजाबी ड्रेस घालायला त्यांनी ठाम नकार दिला. सबांगच्या धक्क्यावर त्यांनी माझ्याकडे पर्स दिली, पदर कमरेला खोचला आणि दोन मिनिटांत साध्या पाचवारीचा काचा मारला. मग होडीच्या काठावर बसून अशा काही उतरल्या की नावाडी बघतच राहिला. त्यांचं बालपण अलिबागजवळच्या खाडीकाठी गेलेलं. त्याच दिवशी आमच्या ग्रुपमधला पस्तिशीचा एक जीमवाला मुलगा पाण्यात बसला. तेव्हापासून मी विचारते एवढंच: ‘गुडघ्याच्या वर घेता येईल असं काय घालता?’ सासूबाईंना काय सवयीचं आहे ते त्यांनाच विचारा.

आणि आता माझा ठरलेला सल्ला, जो मी साठीच्या पुढच्या प्रत्येकाला देते. परदेशी जाण्याआधी गेटवेहून घारापुरीची लाँच धरा. तासाभराचा समुद्र, लाँच धक्क्याला लागली की वरखाली होत असताना पाय टाकून उतरणं, वर लेण्यांपर्यंत १२० च्या आसपास पायऱ्या, आणि शेवटी एक मोठी, थंड, अर्धवट अंधारी जागा, जिथे बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर मिनिटभर काही दिसत नाही. पुएर्तो प्रिन्सेसाला लागणारं जवळपास सगळं त्यात येतं, पायऱ्या तर जास्तच येतात. सासूबाई घारापुरी करून संध्याकाळी घरी येऊन पिठलं-भात टाकू शकल्या, तर फिलिपिन्सची काळजी सोडा. लाँचमध्ये मळमळलं तर तेही इथेच कळेल. मग डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा, विशेषतः बीपीची औषधं चालू असतील तर. गोळी व्हॅनमध्ये बसण्याआधी घ्यायची. वळणं आधी येतात, समुद्र नंतर. आणि लाइफ जॅकेट. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून निघालेल्या लाँचचा जो अपघात झाला, त्यानंतर तरी ‘अर्ध्या तासासाठी कशाला’ हे वाक्य आपल्या तोंडून येऊ नये. सबांगला दोन्ही होड्यांत जॅकेट देतात. मुलाचं जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून पाहा. जॅकेट कानापर्यंत येत असेल तर ते त्याच्या मापाचं नाही, दुसरं मागा. नवऱ्याला पोहता येत नाही याने काही बिघडत नाही. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांना येत नाही.

मे महिना निवडलात ते बरं. तिथे साधारण डिसेंबर ते मे कोरडा हंगाम, त्यातही मार्च ते मेचा पूर्वार्ध समुद्र शांत. नंतर आपल्याकडे येतो तोच नैर्ऋत्य मोसमी वारा तिकडेही येतो. तिथे त्याला ‘हाबागात’ म्हणतात. सबांग पलावानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. मेच्या अखेरीस गेटवे-मांडवा लाँच बंद होतात तेव्हा त्यांनाही आपल्यासारखेच दिवस मोजावे लागतात. समुद्र खवळला तर तटरक्षक दल होड्या सोडत नाही, आणि तिथे कोणाची ओळख काढून उपयोग नसतो. मी एकदा १८ जणांना घेऊन सबांगच्या धक्क्यावर सकाळी नऊ ते दुपारी दोन बसले आहे. होड्या सुटल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं, त्यामुळे ती माणसं नदी न बघता परत आली. तो दोष वाऱ्याचा नव्हता, माझ्या वेळापत्रकाचा होता. तेव्हापासून मी नदी पहिल्या दिवशी ठेवते आणि दुसरा दिवस मोकळा. पहिल्या दिवशी जमलं तर दुसऱ्या दिवशी होंडा बेची बेटं फिरायची.

सासूबाई आहेत म्हणून आणखी एक सुचवते: आदल्या रात्री सबांगलाच राहा. पहाटे उठून दोन तास व्हॅन, मग रांग, मग होडी, मग गुहा आणि पुन्हा दोन तास व्हॅन हे पंचविशीच्या मुलांना ठीक. सबांगला राहिलात तर सकाळी सावकाश चहा घेऊन धक्क्यावर जाता येतं आणि शहरातून येणाऱ्या व्हॅनचा लोंढा यायच्या आत नंबर लागतो.

परमिटचं लांबवत नाही. रोज ठरावीक माणसांनाच आत सोडतात, परमिट नावाने आणि तारखेने मिळतं, आणि बहुतेक लोक ते एजंटमार्फत काढतात. परमिट हातात आलं की नावं पासपोर्टशी आणि तारीख कॅलेंडरशी स्वतः ताडून बघा. एकदा आमच्या एजंटाने महिना आणि दिवस उलटे लिहिले होते, ४ मार्चचं परमिट ३ एप्रिलचं झालं. खिडकीपाशी दीड तास गेला आणि पुन्हा पैसे भरावे लागले. पासपोर्टची झेरॉक्स जवळ असू द्या.

आता गुहा.

पहिली गोष्ट, ती अरुंद नाही. आपण गुहा म्हटलं की डोक्यात येते ती गडावरची, वाकून शिरायची कपार. इथे तोंडाशी हिरवट, शांत पाण्याचं तळं आहे, वर चुनखडीचा कडा आणि त्याच्या पायथ्याशी काळी कमान. आत गेल्यावर छत वर वर जातं. एका दालनाला तिथले लोक ‘कॅथेड्रल’ म्हणतात. आत काही दालनं ६० मीटरपर्यंत उंच आहेत, म्हणजे परळच्या वीसमजली टॉवरएवढी. सासूबाईंची भीती लिफ्टची आहे, म्हणजे भिंती अंगावर येण्याची, हवा न मिळण्याची आणि आपल्या हातात काही नसण्याची. पहिल्या दोन गोष्टी इथे नाहीत. तिसरी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे.

नदी एकूण ८.२ किलोमीटर जमिनीखालून वाहते आणि थेट समुद्राला मिळते. यातला साधारण दीड किलोमीटर प्रवाशांना दाखवतात. जाऊन-येऊन पाऊण तास. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जगातली सर्वांत लांब भूमिगत नदी’ असं फिरतं ते आता खरं नाही. मेक्सिकोत युकातानमध्ये २००७ साली तिच्याहून कितीतरी लांब पाण्याखालची गुहा जोडली गेल्याचं सिद्ध झालं. पण समुद्राशी असं थेट नातं असलेली नदी विरळाच. भरतीचं पाणी आत ६ किलोमीटरपर्यंत चढतं. पाण्यात बोट बुडवून चाखलंत तर खारट लागेल (पण चाखू नका, का ते पुढे येतं). १९९९ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. वरच्या डोंगराचं नाव सेंट पॉल. १९व्या शतकात इंग्रज खलाशांना तो लंडनच्या सेंट पॉलच्या घुमटासारखा दिसला म्हणून. स्थानिक माणसाला तो कशासारखा दिसायचा हे कोणी विचारलं नसावं.

वल्ह्याच्या होडीत जागा मी ठरवून देते. सासूबाई मधोमध, एका बाजूला तुम्ही. पुढे बसलं की समोर नुसता काळोख, आणि घाबरणाऱ्या माणसाला तो नको. मधे बसलं की पुढच्यांच्या पाठी दिसतात, त्याने फार धीर येतो. मुलगा वडिलांजवळ, पुढच्या भागात, कारण त्याला काळोखच हवा असतो. नावाडी एकटाच मागून वल्हवतो. दोन्ही बाजूंना वजन सारखं लागतं, म्हणून तो सांगेल तिथे बसायचं, आणि काही दिसलं म्हणून सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही.

पहिली पाच मिनिटं सगळ्यांत अवघड. पहिल्या वळणानंतर मागचा उजेड जातो. मुंबईच्या माणसाला खरा अंधार माहीतच नसतो. आपल्याकडे दिवे गेले तरी खिडकीतून रस्त्याचा, समोरच्या टॉवरचा, आकाशाचा उजेड येतो. इथे तो नसतो. त्या वेळी सासूबाईंना नावाड्याच्या दिव्याचा गोल भिंतीवर जिथे पडतो तिथेच बघायला सांगा. आणि हातात तुमचा हात. पाच मिनिटांनी डोळे आणि जीव दोन्ही जागेवर येतात. बाहेर आल्यावर ‘एवढंच होतं?’ म्हणणाऱ्या सासूबाई मी बऱ्याच पाहिल्यात.

आत बोलायचं नसतं. पूर्वी नावाडीच माहिती सांगायचा. आता हेडफोन देतात आणि त्यातून निवेदन ऐकायचं, म्हणजे होडीत शांतता राहते. सासूबाईंना श्रवणयंत्र असेल तर ते आणि हेडफोन मिळून शिट्टी वाजते. श्रवणयंत्र काढून डबीत ठेवा. इंग्रजी निवेदन त्यांना झेपत नसेल तर मी करते ते करा: आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसून काय काय दिसणार आहे ते मराठीतून सांगून ठेवा. मग आत त्या स्वतः शोधतात. निवेदनात प्रत्येक दगडाला नाव असतं, हा भाजीचा मळा, ते पवित्र कुटुंब (येशू, मेरी, जोसेफ). आमच्या एका काकूंना त्यात विठ्ठल दिसला होता, कमरेवर हात ठेवलेला. मलाही दिसला, खोटं कशाला बोलू.

हे दगड कसे झाले ते ७ वर्षांच्या मुलाला घरीच दाखवता येईल. पानाच्या ठेल्यावरून थोडा चुना आणा, पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरची निवळी सकाळी हलकेच ग्लासात ओता. स्ट्रॉने तिच्यात फुंकर मारा, ती दुधासारखी होते. हे शाळेत सगळ्यांनी केलंय. आता थांबू नका, फुंकत राहा. बराच वेळ फुंकलं की ती पुन्हा निवळते! आधी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडी बनली, म्हणून पाणी पांढरं. आणखी वायू मिळाल्यावर तीच चुनखडी पाण्यात विरघळली. डोंगरात हेच होतं. पाऊस हवेतून आणि मातीतून हा वायू घेऊन चुनखडीच्या भेगांत शिरतो आणि खडक विरघळवत वाट काढतो. तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकताना वायू हवेत सोडून देतं आणि विरघळलेली चुनखडी थेंबामागे उरते. छतातून खाली वाढतात ते अधोमुखी लवणस्तंभ, खालून वर येतात ते ऊर्ध्वमुखी. वर्षाला मिलिमीटरचा काही अंश इतकी वाढ. तुमच्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तो त्याच घराण्यातला. निवळी फुंकायची, ओढायची नाही, एवढं फक्त पोराला दहा वेळा सांगा.

म्हणूनच आत कशालाही हात लावायचा नाही. आपल्या त्वचेचं तेल लागलं की त्या जागी पाण्याचा थर नीट बसत नाही, वाढ थांबते आणि डाग काळा पडतो.

मुंबईत आपल्याला असं काही का दिसत नाही, असं मुलगा विचारेलच. आपला खडक बेसॉल्ट, लाव्हाचा. तो असा पाण्यात विरघळत नाही. म्हणून कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, पण त्यातली प्रत्येक छिन्नीने खोदलेली. पाणीही तिथे टाक्यांत साठवलेलं, लेण्यांच्या दारातच, आणि त्या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलंय. त्यातल्या त्यात जवळचा अनुभव हवा असेल तर हरिश्चंद्रगडावरची केदारेश्वराची गुहा: मोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं बर्फासारखं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. पण तिथवर सासूबाईंना न्यायचं तर मग पलावान सोपं.

तोंड बंद ठेवायचं, हे तिथला प्रत्येक नावाडी सांगतो आणि सगळे हसतात. छतावर वटवाघळं आहेत आणि खाली पडणारा प्रत्येक थेंब पाण्याचा असेलच असं नाही. हेल्मेट देतात ते त्यासाठीही आहे. ते दिवसभरात अनेकांच्या डोक्यावर फिरलेलं असतं, म्हणून सुती रुमाल बांधून त्यावर घाला. वास येतो, गडावरच्या जुन्या कोठारात येतो तसा, जरा तिखट. पाण्याची चव का घेऊ नका म्हटलं ते कळलं असेलच.

वटवाघळांबरोबर पाकोळ्याही आहेत, आणि माझं तिथे सगळ्यांत जास्त लक्ष त्यांच्याकडे असतं. हेडफोनचा एक कान जरा सरकवा. टक-टक-टक असा आवाज येतो, कोणी कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा. वटवाघळांचा आवाज आपल्या कानांना बहुतेक ऐकू येत नाही, पण या पाकोळ्या ज्या आवाजाने अंधारात वाट काढतात तो माणसाला स्पष्ट ऐकू येतो. प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून त्यांना भिंत कळते. दिवसभर पाकोळ्या बाहेर खाऊन येतात, संध्याकाळी त्या आत शिरताना वटवाघळं बाहेर पडतात, गिरणीत पाळी बदलावी तशी. यांच्याच जातभाईंची वस्ती आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर आहे, तिथेही गुहेत. त्या आपल्या लाळेपासून घरटी बांधतात, आणि खाण्यासाठी त्या घरट्यांना परदेशात सोन्याचा भाव, म्हणून चोरीही व्हायची. सिंधुदुर्गचा माणूस फिलिपिन्सला जाऊन ज्या पक्ष्याचे फोटो काढतो त्याचा भाऊबंद त्याच्या गावासमोर राहतो, हे मी ग्रुपमध्ये सांगते तेव्हा कोणाचा विश्वास बसत नाही.

एका दालनाच्या भिंतीत समुद्रगायीच्या पूर्वजाची हाडं सापडली आहेत, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे हा खडक स्वतः कधीकाळी समुद्राचा तळ होता.

आणि एक विनंती. एका फेरीत आमच्या नावाड्याने आतल्या सरळ, लांब पट्ट्यात वल्हं उचलून धरलं आणि दिवा विझवला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. होडी आपोआप थोडी पुढे सरकत राहिली, वल्ह्याच्या टोकावरून पाणी गळायचं थांबलं, आणि मग दूर कुठेतरी एक थेंब पडला. नंतर दुसरा, वेगळ्या सुराचा. ग्रुपमधले एक काका, जे बसमध्ये अंताक्षरी थांबू देत नव्हते, ते माझ्या शेजारी होते. त्यांनी नुसता श्वास धरला होता. तुमचा नावाडी दिवा विझवेलच असं नाही. पण सासूबाईंची हरकत नसेल तर त्याला आधी हळूच विचारून बघा. आणि मोबाइल खिशात ठेवा. फ्लॅश तसाही टाळायचाच, आणि फ्लॅशशिवाय निघालेला फोटो म्हणजे काळा कागद.

बाहेरच्या गोष्टी आटोपते. ८ जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि सहा महिने वैध पासपोर्ट लागतो, आणि विमानाआधी ७२ तासांत ऑनलाइन ‘ई-ट्रॅव्हल’ नोंदणी करावी लागते. तिकीट काढण्याआधी नियम पुन्हा एकदा बघून घ्या. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक वगैरे एक थांबा घेऊन मनिला, तिथून पुएर्तो प्रिन्सेसा सव्वा-दीड तास. शाकाहारी असाल तर सबांगच्या जेवणात भात, केळी आणि आंबा मिळेल; भाजीतही माशांचा सॉस घालतात, त्यामुळे ‘व्हेज’ एवढं सांगून भागत नाही. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी डब्यात असू द्या. खारफुटीच्या लाकडातून काढलेला ‘तामिलोक’ समोर आला तर तो अळी नसून शिंपलीवर्गातला प्राणी आहे, लाकडी होड्या पोखरतो तो. आमच्या एका कोळी पाहुण्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, बाबांच्या होडीचा सूड घेतला.

घारापुरीच्या लाँचमध्ये सासूबाईंना खरंच समुद्र झेपला नाही, तर बेत बदलून व्हिएतनामला फोंग न्याच्या गुहेत न्या. तिथे समुद्र नाही. गावातून संथ नदीने अर्धा तास बोट, गुहेच्या तोंडाशी इंजिन बंद करून वल्हवत साधारण दीड किलोमीटर आत. दालनं रंगीत दिव्यांनी उजळलेली, त्यामुळे अंधाराची भीतीही कमी, आणि म्हणून मला ती थोडी कमी आवडते, पण ती माझी आवड झाली. व्हिसा लागतो, तो ऑनलाइन निघतो. फक्त सप्टेंबर ते नोव्हेंबर टाळा, पुराचे दिवस. अंदमानच्या बाराटांगची गुहा बोटीने पाहतात असं कोणी सांगेल. तिथे बोट खारफुटीतून काठापर्यंतच जाते आणि पुढे बरंच चालावं लागतं. या गुडघ्यांना ती नको.

तर ताई, आधी घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, मंगळवारी किंवा बुधवारी जा, शनिवार-रविवारी गेटवेच्या रांगेतच गुडघे दुखतील. सकाळची पहिली लाँच धरा. उतरताना मनगट धरायला सासूबाईंना तिथेच शिकवा, आणि पायात तेच फ्लोटर्स घाला जे मेमध्ये नेणार आहात. नवे असतील तर पट्टा कुठे चावतो ते घारापुरीच्या पायऱ्यांवर कळेल.